वार्धक्य आणि देहाची चलनशक्ती

बाल्य, तारुण्य आणि वार्धक्य या एकाच देहाच्या तीन अवस्था होत, हा विचार गीतेच्या दुसऱ्या अध्यायापासून प्रत्येक वाचकाच्या परिचयाचा आहे. पुढे तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना जन्म, मृत्यू व व्याधी यांच्याबरोबर जरेतील दोषांचेही अवलोकन करावयास सांगितले आहे. हे अवलोकन केवळ उदास होण्यासाठी नाही. जरा देहात कोठून प्रवेश करते, तिचे स्वतःचे कार्य किती आणि तिच्या नावावर माणसांनीच खपविलेले किती, हे नीट पारखून घेणे हाही त्याचाच भाग होय.

वार्धक्याचे परिणाम अनेक आहेत. त्यांपैकी चलनशक्तीवर होणारा परिणाम येथे विचारासाठी घेतला आहे. उठणे, बसणे, उभे राहणे, वाकणे, चालणे आणि जिना चढणे या साध्या क्रियांवर वृद्ध माणसाची सारी स्वाधीनता उभी असते. स्नान, शौच, पूजा, देवदर्शन, शेजारधर्म यांतील एकही गोष्ट पायांवाचून होत नाही. देहाचा व्यवहार कर्मावाचून चालत नाही असे तिसरा अध्याय सांगतो. वृद्धाच्या बाबतीत या सत्याचा प्रत्यय दररोज सकाळी अंथरुणातून उठतानाच येतो.

हा प्रश्न आज घरोघरचा झाला आहे. स्वातंत्र्यप्राप्तीच्या सुमारास भारतात जन्मलेल्या मुलाचे सरासरी आयुर्मान अवघे बत्तीस वर्षांच्या आसपास होते. आता ते सत्तरीच्या घरात गेले आहे. २०११ च्या जनगणनेत साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या दहा कोटींच्या वर भरली. आयुष्य वाढले ही आनंदाची गोष्ट होय. पण वाढलेली वर्षे चालत्या पायांनी जावीत की खाटेवर, हा प्रश्न त्या वाढीबरोबरच आला आहे.

एक नित्याचा प्रसंग

समजा, एका घरात बहात्तर वर्षांची आई आहे. पहाटे उठावे, अंगणात सडा घालावा, तुळशीला पाणी घालावे, दुपारी धान्य निवडावे आणि सायंकाळी गल्लीच्या टोकाच्या देवळापर्यंत जाऊन यावे, असा तिचा क्रम. एका पावसाळ्यात तिला ताप येतो आणि ती दहा दिवस अंथरुणावर असते. ताप उतरतो, पण अशक्तपणा राहतो. आई उठू लागली की सून लगबगीने पुढे होते व म्हणते, “आई, तुम्ही उठू नका, मी आणून देते.” मुलगा म्हणतो, “आई, आता तुला काय करायचे आहे? आयुष्यभर पुष्कळ केलेस, आता स्वस्थ बैस.” पाण्याचा तांब्या उशाशी येतो, जेवणाचे ताट खाटेपाशी येते आणि तुळशीचे पाणी नातीकडे जाते. महिनाभराने देऊळ सुटते, तीन महिन्यांनी अंगण सुटते. सहा महिन्यांनी आई कोणाचा तरी हात धरल्याखेरीज खाटेवरून उठू शकत नाही. येणारे-जाणारे हळहळतात आणि म्हणतात, “वयच झाले, त्याला इलाज काय?”

या घरात कोणी वाईट वागलेले नाही. सुनेची सेवा खरी आहे, मुलाचे प्रेम खरे आहे. तरीही जे घडले ते सारे वयाने घडले काय? बहात्तराव्या वर्षाच्या ज्येष्ठात सडा घालणारी बाई त्याच वर्षाच्या मार्गशीर्षात उठेनाशी झाली. सहा महिन्यांत वय सहाच महिन्यांनी वाढते. मग उरलेली झीज कोठून आली, हे शोधले पाहिजे.

वय देहात काय बदलते

प्रथम वयाचे जे खरे कार्य आहे ते पाहू. ते नाकारण्यात अर्थ नाही.

स्नायूंचे मांस तिशीनंतर हळूहळू कमी होऊ लागते. दर दहा वर्षांस ही घट साधारणतः शेकडा तीन ते आठ इतकी असते आणि साठीनंतर तिचा वेग वाढतो. वयपरत्वे होणाऱ्या या मांसक्षयाला आयर्विन रोझेनबर्ग या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९८९ मध्ये ‘सार्कोपेनिया’ असे नाव दिले. मांस जितके घटते त्याहून बळ अधिक वेगाने घटते. कारण स्नायूंना आज्ञा पोहोचविणारे मज्जातंतूही वयानुसार कमी होत जातात, आणि ज्या तंतूंचा मज्जातंतू गेला त्यांतील काही कायमचे निकामी होतात.

स्नायूंत दोन प्रकारचे तंतू मुख्य. काही संथपणे व दीर्घकाळ काम करणारे, तर काही झटकन जोर लावणारे. वार्धक्यात दुसऱ्या प्रकारचे तंतू अधिक झिजतात. यामुळे पुष्कळ वृद्ध सावकाश बरेच चालू शकतात, परंतु पाय अडखळला असता तो चटकन पुढे टाकून तोल सावरणे त्यांना साधत नाही. चालण्याचे बळ असूनही माणूस पडतो, त्याचे हे एक मोठे कारण आहे.

तोल सांभाळण्याचे काम देहात तिघे मिळून करतात: डोळे, अंतःकर्णातील तोलाचे इंद्रिय आणि तळपाय व सांधे यांतून मेंदूकडे जाणारी संवेदना. वयानुसार हे तिघेही मंद होतात. दिवसा बरा चालणारा वृद्ध अंधारात चाचपडतो, कारण एरवी डोळे बाकीच्या दोघांची उणीव भरून काढीत असतात. दिवा मालवताच तो आधार जातो. सांध्यांतील कूर्चा झिजते, स्नायूंना हाडांशी बांधणाऱ्या दोऱ्या ताठर होतात, आणि हाडांची घनता, विशेषतः स्त्रियांत मासिक धर्म थांबल्यानंतरच्या काळात, वेगाने उतरते. हृदयाची कमाल गती कमी होते. श्रम करण्याची एकूण क्षमता तरुणपणानंतर दर दहा वर्षांस साधारण एक-दशांशाने घटते.

या सर्वांचा परिणाम चालीत दिसतो. पावले आखूड पडतात, दोन पायांतील अंतर रुंदावते आणि दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीला टेकलेले असण्याचा काळ लांबतो. घोट्याने जमीन मागे रेटण्याचा जोर कमी होतो व ते काम कमरेला करावे लागते. म्हातारपणाची चाल म्हणून जी ओळखली जाते ती अशी असते. तीत देहाचा शहाणपणाही आहे, कारण तोल कमी झाल्यावर देह आपण होऊन सावध पावले टाकतो.

वयाचे किती आणि बसून राहण्याचे किती

येथवर सांगितलेले बदल क्रमाक्रमाने, दशकांच्या हिशेबाने होतात. पण वर वर्णिलेल्या आईचे पाय सहा महिन्यांत गेले. या दोहोंतील भेद दाखविणारा एक प्रसिद्ध प्रयोग आहे.

१९६६ साली अमेरिकेतील डॅलस येथे वीस वर्षांच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पडून राहावयास सांगितले गेले. त्यांना कोणताही रोग नव्हता. तीन आठवड्यांनी मोजले तेव्हा त्यांची श्रमक्षमता सुमारे एक-चतुर्थांशाने उतरली होती. तीस वर्षांनी, १९९६ मध्ये, त्याच पाच जणांची पुन्हा परीक्षा झाली. आता ते पन्नाशीचे होते, वजन वाढलेले होते. तरीसुद्धा तीस वर्षांच्या वयाने त्यांची जेवढी हानी केली होती, त्याहून अधिक हानी विसाव्या वर्षीच्या तीन आठवड्यांच्या शय्येने केली होती असे आढळले. मग त्यांच्याकडून सहा महिने क्रमाने वाढवीत नेलेला व्यायाम करून घेण्यात आला. त्यानंतर त्यांची सरासरी क्षमता तरुणपणी प्रयोगारंभी होती तेथवर परत आली.

वृद्धांवर शय्येचा परिणाम याहून कठोर होतो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सरासरी सदुसष्ट वर्षे वयाच्या निरोगी स्त्री-पुरुषांना दहा दिवस अंथरुणावर ठेवण्यात आले. तेवढ्यात त्यांच्या पायांचे मांस सरासरी जवळपास एक किलोग्रॅमने घटले. दहा दिवस म्हणजे त्या आईच्या तापाचे दिवस! आणि तिला तर ताप होता, अन्न कमी होते. ताप उतरला त्या दिवशी तिचे पाय पूर्वीचे राहिलेले नव्हते, यात नवल नाही. ते परत मिळवून देणे हे पुढील महिन्यांचे काम होते. नेमके त्याच महिन्यांत घराने तिला बसविले.

केवळ रुग्णशय्येपुरतीच ही गोष्ट खरी नाही. लंडनमधील दुमजली बसगाड्यांवरील कामगारांची पाहणी जेरी मॉरिस या डॉक्टरांनी केली व तिचे निष्कर्ष १९५३ मध्ये प्रसिद्ध झाले. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा दिवसभर जिना चढउतार करणाऱ्या वाहकांत हृदयरोगाचे प्रमाण कमी आढळले. गाडी तीच, शहर तेच. मुख्य फरक बसण्याचा व चालण्याचा होता. त्यानंतरच्या संशोधनानेही हालचाल व हृदयाचे आरोग्य यांचा निकट संबंध पुनःपुन्हा दाखविला आहे.

हे सर्व ध्यानी घेता एक विवेक हाती येतो. वृद्धाच्या दुर्बलतेत दोन वाटे असतात. एक वाटा काळाचा. तो हळू चालतो व थांबविता येत नाही. दुसरा वाटा अचलतेचा. तो झपाट्याने चालतो आणि पुष्कळ अंशी थांबविता येतो, एवढेच नव्हे तर मागेही फिरविता येतो. पहिल्याचा स्वीकार करणे हे शहाणपण होय. दुसऱ्यावरही ‘वय’ हे नाव लिहून स्वस्थ बसणे हा मोह होय.

गेलेले बळ परत येते काय?

“पण एवढ्या वयात आता काय होणार?” ही शंका प्रत्येक घरात निघते. तिचे उत्तर अमेरिकेतील बोस्टन येथील एका वृद्धसेवागृहात मिळाले. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात डॉ. मारिया फियातारोने व त्यांच्या सहकाऱ्यांनी सरासरी नव्वद वर्षे वयाच्या दहा दुर्बल वृद्धांकडून आठ आठवडे, जाणत्या माणसांच्या देखरेखीखाली, मांड्यांच्या स्नायूंचा वजन उचलण्याचा व्यायाम करून घेतला. आठ आठवड्यांनी त्यांच्या मांड्यांचे बळ सरासरी पावणेदोनशे टक्क्यांच्या आसपास वाढले. नव्वदीतील स्नायूही कामाला प्रतिसाद देतो, हे त्यातून निर्विवाद दिसून आले. १९९४ मध्ये याच संशोधकांनी शंभर वृद्धांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातही बळ दुपटीहून अधिक झाले, चालण्याचा वेग वाढला व जिना चढण्याची शक्ती सुधारली.

आपल्या देशातील उदाहरणेही डोळ्यांसमोर आहेत. १९३० मध्ये साबरमतीहून दांडीपर्यंतची सुमारे दोनशे चाळीस मैलांची वाट महात्मा गांधींनी चोवीस दिवसांत पायी चालून काढली तेव्हा ते साठ वर्षांचे होते. १९४७ च्या आरंभी नोआखालीच्या चिखलवाटांनी ते गावोगाव अनवाणी फिरले तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांचे होते. विनोबांनी १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्ली येथे भूदानाला आरंभ केला तेव्हा त्यांनी पंचावन्न ओलांडली होती. त्यानंतर सुमारे तेरा वर्षे ते देशभर पायी हिंडत राहिले आणि १९६४ मध्ये पवनारला परतले. जालंधर जिल्ह्यातील खेड्यात जन्मलेले फौजा सिंग यांनी २००० साली लंडनमध्ये पहिली मॅरेथॉन शर्यत पुरी केली तेव्हा ते पारपत्रावरील नोंदीप्रमाणे एकोणनव्वद वर्षांचे होते.

अशा थोर व असामान्य व्यक्तींशी घरातल्या वृद्धाची तुलना करून त्याला हिणवू नये. ही उदाहरणे एवढेच सांगतात की साठी अथवा सत्तरी ही पायांवर मारलेली मोहोर नव्हे. आषाढीच्या वारीत सुमारे तीन आठवडे पंढरीची वाट चालणारे वृद्ध वारकरी, गोवर्धनाची सात कोसांची परिक्रमा करणाऱ्या माता आणि अरुणाचलाची चौदा किलोमीटरांची गिरिप्रदक्षिणा करणारे वृद्ध भाविक हीच गोष्ट दरवर्षी दाखवून देतात. मात्र त्यांच्यापैकी बहुतेकांचे पाय वर्षभर चालते असतात. वर्षभर बसून राहून एकदम यात्रेस निघणे हे साहस होय.

एक शास्त्रीय शंका

आयुर्वेद जाणणारा वाचक येथे हरकत घेईल. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदय’ ग्रंथात ज्यांनी व्यायाम वर्ज्य करावा त्यांत बालकांबरोबर वृद्धांचाही उल्लेख आहे. मग वृद्धास व्यायाम सांगणे शास्त्राविरुद्ध नव्हे काय?

या वचनाचा विचार त्या काळच्या जीवनक्रमासह करावा लागेल. व्यायाम म्हणजे देहाला थकविणारे श्रम. बलवानासही तो अर्ध्या शक्तीनेच करावयास आयुर्वेद सांगतो. असे थकविणारे श्रम वृद्धास वर्ज्य सांगणे योग्यच होते. परंतु त्या काळच्या वृद्धाचा दिवस आजच्यासारखा बसून जात नव्हता. नदीवर किंवा विहिरीवर स्नान, पाटावर भोजन, जमिनीवर आसन, जात्यावर दळण आणि सर्वत्र पायी गमन, असा तो क्रम होता. दिवसातून कितीतरी वेळा जमिनीवरून उठावे-बसावे लागे. मांड्यांना, कमरेला व तोलाला यातून जे काम मिळे ते कोणी व्यायाम म्हणून मोजत नसे. आज नळ घरात आला, भोजन मेजावर आले, वाहन दारात आले आणि करमणूक खुर्चीसमोर आली. काम गेले, पण निषेधाची आठवण तेवढी राहिली. सहाव्या अध्यायात सांगितलेला युक्त आहार-विहार दोन्ही टोके टाळतो. अतिश्रम हे एक टोक, अचलता हे दुसरे.

पडण्याचे भय

वृद्धांच्या अचलतेमागे आळसापेक्षा भय अधिक असते, आणि ते निराधार नाही. पासष्ट वर्षांवरील व्यक्तींपैकी दर तिघांत जवळपास एक जण वर्षातून एकदा तरी पडतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. खुब्याचे हाड मोडले तर पुष्कळांचे पूर्वीचे चालणे परत येत नाही. म्हणून एकदा पडलेला वृद्ध चालणे कमी करतो. चालणे कमी झाले की मांड्या अधिक दुबळ्या होतात, तोल अधिक बिघडतो आणि पडण्याचा धोका वाढतो. भयापायी पत्करलेली अचलता ज्याचे भय तेच जवळ आणते.

हे चक्र दोन बाजूंनी तोडावे लागते. एकीकडे तोल व बळ वाढवावे, दुसरीकडे घर निर्धोक करावे. न्हाणीघरात व शौचकूपात भिंतीला पक्का धरदांडा बसवावा. ओली फरशी पुसून कोरडी ठेवावी. उंबरठ्यापाशी व जिन्यावर पुरेसा उजेड असावा. सरकणारी सतरंजी, वाटेतला पाट आणि सैल चपला दूर कराव्यात. रात्री उठण्याच्या वाटेवर मंद दिवा असावा. अंथरुणातून एकदम उभे न राहता मिनिटभर कडेला बसून मग उठावे, कारण वार्धक्यात उभे राहताच रक्तदाब उतरून घेरी येण्याचा संभव असतो. झोपेची व रक्तदाबाची काही औषधेही तोल बिघडवितात. त्यांविषयी डॉक्टरांस विचारावे, परंतु आपल्या मनाने औषध सोडू नये. डोळ्यांची तपासणी दरवर्षी व्हावी. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया लांबणीवर टाकणारा माणूस पायांचाही धोका वाढवीत असतो.

पडल्याची गोष्ट लपविणे ही पुष्कळ वृद्धांची सवय असते. मुले रागावतील, बाहेर जाणे बंद करतील, असे त्यांना वाटते. घरच्यांनी रागावू नये व बंदीही घालू नये, कारण शोधावे.

घरी करता येणारी परीक्षा

चालण्याचा वेग हे वृद्धाच्या एकूण प्रकृतीचे चांगले दर्शक आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पासष्ट वर्षांवरील चौतीस हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती एकत्र केली होती. ज्यांची नित्याची चाल जलद, त्यांचे आयुष्य सरासरीने अधिक, असा संबंध तीत दिसला. घरी जमिनीवर चार मीटरांचे अंतर आखावे व वृद्धास नेहमीच्या गतीने चालावयास सांगावे. हे अंतर कापण्यास पाच सेकंदांहून अधिक वेळ लागत असेल तर वेग मंद समजावा. तसेच हात छातीशी धरून खुर्चीवरून पाच वेळा उठता-बसता यावे. त्यास पंधरा सेकंदांहून अधिक लागत असतील अथवा उठताच येत नसेल तर मांड्यांचे बळ उतरले आहे असे जाणावे. ही परीक्षा दोष काढण्यासाठी करावयाची नाही. वेळीच वैद्यकीय सल्ला घ्यावा आणि अभ्यासाने काय सुधारले ते पुढे कळावे, एवढाच तिचा हेतू.

वृद्धाने काय करावे

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार पासष्ट वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यातून दीडशे ते तीनशे मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, दोन किंवा अधिक दिवस स्नायूंचे बळ वाढविणारा व्यायाम करावा आणि तीन किंवा अधिक दिवस तोल व बळ यांचा एकत्रित अभ्यास करावा. ज्यांना इतके शक्य नाही त्यांनी शक्य तेवढे करावे. थोडेही न करण्यापेक्षा बरे.

गृहस्थी भाषेत याचा अर्थ असा. दिवसातून दोन वेळा पंधरा-पंधरा मिनिटे चालावे. गती अशी असावी की बोलता यावे, पण गाता येऊ नये. एका दमात जमत नसेल तर पाच-पाच मिनिटांचे भाग करावेत. भिंतीला टेकलेल्या भक्कम खुर्चीवरून पाच-सात वेळा सावकाश उठावे व बसावे, आणि आठवड्या-आठवड्याने संख्या वाढवावी. ओट्याचा काठ धरून टाचा उचलाव्यात. काठ धरूनच एका पायावर काही क्षण उभे राहावे व पुढे आधार एका बोटापुरता ठेवावा. या वेळी जवळ कोणीतरी असावे. ज्यांना जमिनीवर बसणे-उठणे साधते त्यांनी ती सवय मोडू नये. ब्राझीलमधील संशोधकांनी एक्कावन्न ते ऐंशी वर्षांच्या दोन हजार व्यक्तींची पाहणी करून २०१२ मध्ये दाखविले की आधाराशिवाय जमिनीवर बसून उठता येणे आणि दीर्घायुष्य यांचा संबंध आहे. परंतु गुडघे झिजलेले असतील तर हट्ट करू नये. उंच चौरंगावर किंवा खुर्चीवर बसून केलेली पूजाही पूजाच होय.

आहाराकडेही पाहिले पाहिजे. पुष्कळ वृद्ध चहा-बिस्किटे व पातळ वरण-भात यांवर दिवस काढतात. मांस वाढविण्यास प्रथिने लागतात. ती डाळी, उसळी, दूध, दही, ताक व शेंगदाणे यांतून मिळतात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांच्या विचाराने प्रमाण ठरवावे. दुबळ्या अथवा मधुमेही वृद्धाने कडक उपवासांविषयीही असाच सल्ला घ्यावा.

छातीत दुखणे, थोड्या श्रमाने दम लागणे, घेरी येणे, अंगाची एक बाजू अचानक लुळी पडणे किंवा सांधा सुजणे ही लक्षणे वयाच्या माथी मारू नयेत. यांत तत्काळ डॉक्टर गाठावा.

घरच्यांचा धर्म

वृद्धाची सेवा म्हणजे त्याचे प्रत्येक काम आपल्या हाती घेणे, ही समजूत आता तपासून पाहिली पाहिजे. जे काम वृद्धास खरोखर अशक्य आहे ते करणे ही सेवा. जे त्याला सावकाश का होईना पण साधते, ते त्याच्या हातून काढून घेणे हा अजाणता केलेला अपहार होय. तांब्या हाताशी नेऊन देण्यास अर्धा मिनिट पुरतो. आईने उठून तो घ्यावा म्हणून थांबण्यास चार मिनिटे लागतात, आणि त्या चार मिनिटांत मन घाबरते, घाई होते, चीडही येते. ही चार मिनिटे शांतपणे देणे हेच आजच्या गृहस्थाचे कठीण व्रत आहे.

त्या घरातील आईकडे पुन्हा वळू. समजा, वैद्यकीय तपासणी झाली, गंभीर रोग नसल्याचे कळले आणि घराने आपला क्रम बदलला. ताट खाटेपाशी न येता आई ताटापाशी येऊ लागली. पहिल्या दिवशी सून तिच्या काखेत हात घालून होती; काही आठवड्यांनी नुसती बाजूला चालत होती. सकाळी दहा वेळा खुर्चीवरून उठणे हा नेम झाला. न्हाणीघरात धरदांडा बसला. नातीने तुळशीचा तांब्या आजीच्या हाती परत दिला. चार-सहा महिन्यांनी आई एका हाती काठी घेऊन गल्लीच्या टोकाच्या देवळापर्यंत जाऊ लागेल. पूर्वी पाच मिनिटे लागत, आता पंधरा लागतील. सडा कदाचित पुन्हा घालता येणार नाही. काळाने घेतलेला वाटा काळाकडेच राहील. पण जो वाटा काळाने घेतलाच नव्हता तो तिचा तिला परत मिळालेला असेल.

काठी घेण्यात कमीपणा नाही. काठी हे चालत राहण्याचे साधन आहे. आणि ज्यांचे पाय पक्षाघाताने अथवा असाध्य रोगाने खरोखरच गेले आहेत, त्यांना प्रयत्नाचा उपदेश करून दुखवू नये. त्यांचे हात, मान व श्वास यांना जेवढी हालचाल देता येईल तेवढी द्यावी, कुशी बदलाव्यात, उन्हात बसवावे आणि घरातील बोलण्यात त्यांना सामील ठेवावे. देहाची गती थांबली तरी माणसाचे स्थान थांबत नाही.

मननासाठी

१. घरातील वृद्ध व्यक्तीची कोणती कामे गेल्या वर्षभरात इतरांनी आपल्याकडे घेतली? त्यांतील कोणती तिला अद्याप साधण्यासारखी आहेत?

२. तिची दुर्बलता क्रमाने आली की एखाद्या आजारानंतर झपाट्याने आली?

३. रात्री अंथरुणापासून शौचकूपापर्यंतची वाट निर्धोक आहे काय?

४. आज जे चाळीस-पन्नास वर्षांचे आहेत त्यांनी आपल्या वार्धक्यासाठी धन साठविताना पायांचे बळ साठविण्याचा विचार केला आहे काय?

या प्रश्नांची उत्तरे एकट्याने काढू नयेत. सायंकाळी घरातील सर्वांनी एकत्र बसावे, आणि ज्यांच्याविषयी हे प्रश्न आहेत त्या वडीलधाऱ्यांनाच प्रथम बोलू द्यावे.